दोन टेबलांचा यूनुस

आमच्या यूनुसभाईला आयुष्यात कोणी कधी ‘तुझं मत काय’ असं विचारलं नव्हतं. मग एका वर्षी अख्खा अमेरिकन कॅम्प त्याला तेच विचारत सुटला. तिथून त्याचं नशीब फिरलं, असं मी म्हणतो. तो स्वतः काहीच म्हणत नाही. त्याची ती खोड जुनीच आहे.

यूनुस हमदुले बाणकोटच्या खाडीकाठचा, आमच्याच गावचा. माझी चुलत बहीण शहरबानू त्याला दिलेली, म्हणून तो माझा मेहुणा. मी तिला बुबू म्हणतो, ती माझ्यापेक्षा मोठी. निकाहानंतर हातावरची मेंदी उतरायच्या आत हा बोटीवर चढला. बोटीवर गोऱ्या साहेबांची जेवणाची टेबलं मांडायचा. पन्नासच्या सालानंतर कुवेतात तेलाचा बोलबाला झाला तसा तो इथं उतरला आणि एका अमेरिकन कंपनीच्या कॅम्पात लागला. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून काय मिळणार आहे? कॅम्प कुवेत सिटीच्या दक्षिणेला, समुद्रकाठच्या वाळूत. तो आला तेव्हा तिथं तंबू होते. तंबूत वाळूचं वादळ घुसलं की तो टेबलक्लॉथ झटकून पुन्हा अंथरायचा, पुन्हा झटकायचा. मागं वळून ‘वैताग आला’ म्हणाल्याचं कोणी ऐकलं नाही.

मी आलो तोवर तंबूंचे बंगले झाले होते. तारेच्या कुंपणाच्या आत गोऱ्यांची घरं, हिरवं गवत, पोहायचा तलाव, क्लब. कुंपणाच्या बाहेर आमची लाईन, एका खोलीत चौघं. यूनुसभाई क्लबाचा मुख्य बटलर झाला होता, आणि त्याच्याच शब्दावर मला ऑफिसात टायपिंगचं काम मिळालं. साहेबलोक त्याला जोना म्हणत. यूनुस पैगंबरांचं त्यांच्या बायबलात तेच नाव आहे म्हणे. मी एकदा म्हटलं, “यूनुसभाई, आईबापानं ठेवलेलं नाव बदलू देता?” तो म्हणाला, “हाक माझ्यासाठीच आहे ना? मग झालं.”

क्लबाच्या हॉलात एक लांबच लांब टेबल असायचं. सगळे साहेब आणि मॅडमा एकत्र जेवायच्या. ते टेबल हा यूनुसभाईचा जीव होता. पांढरी चादर, इस्त्रीच्या घड्या, काटे-चमचे रेषेत. दुपारी हॉल रिकामा असताना तो एका टोकाला उभा राहून एक डोळा मिटून रेषा बघायचा. मला हसू यायचं. घरी कधी पाट मांडला नसेल, आणि इथं हा थाट.

आता त्याच्या घरचं सांगतो, कारण सगळं तिथंच येऊन अडतं. दोन-अडीच वर्षांनी त्याला सुट्टी मिळायची. गावी जायचा, नवराबायकोची धड ओळख होईस्तोवर परतीची बोट लागायची. मूल नाही. गावच्या बाया बुबूच्या तोंडावर काही बोलत नसत, पण बारशाला तिला बोलावताना कचरत. चौसष्टच्या सुरुवातीला तो गावी गेला तेव्हा बुबू त्याला सरळ म्हणाली, “मला तुमचे पैसे नकोत, साड्या नकोत. मला मूल पाहिजे. वय काही तुमच्या बोटीची वाट बघत थांबत नाही. यंदा मला न्यायचं तर न्या. नाहीतर तुम्ही तिकडं सुखी, मी इकडं, पुन्हा दारात येऊ नका.” हे त्यानं मला परत आल्यावर सांगितलं, आणि सांगताना ग्लास पुसत होता.

बायकोला आणायचं तर कंपनीचं घर पाहिजे, घराशिवाय सरकार परवानगी देत नाही. आम्हा लाईनीतल्यांना घर कुठलं? पण क्लबाच्या मागं, कुंपणाच्या आत, एक छोटा बंगला रिकामा पडला होता. पूर्वी तिथं कॅम्पाची अमेरिकन नर्स राहायची. तो बंगला क्लबाच्या ताब्यात होता आणि कोणाला द्यायचा ते क्लबाची कमिटी ठरवायची. कमिटीचे अध्यक्ष मिस्टर हॅडली. पिकल्या केसांचे, दक्षिणेकडच्या राज्यातले, बोलणं संथ आणि गोड. त्यांनी आपण होऊन यूनुसभाईच्या खांद्यावर हात ठेवला होता. “जोना, तुझ्या बायकोला आण. बंगल्याचं मी बघतो. तू तर आमच्या घरचाच.” यूनुसभाईनं तो शब्द धरून ठेवला.

मग उन्हाळा आला आणि त्यांच्या देशात तो कायदा झाला. काळ्या लोकांना शाळेत, हॉटेलात, नोकरीत बरोबरीचा हक्क देणारा. वर पुढं त्यांची निवडणूक. कॅम्पातले साहेब छातीवर बिल्ले लावून फिरू लागले. एका पार्टीचं चिन्ह हत्ती, दुसरीचं गाढव. आपल्याकडं बैलजोडी तशी. आम्ही लाईनीतले त्यांना हत्तीवाले आणि गाढववालेच म्हणायचो. हॅडली हत्तीवाले. गाढववाल्यांचे पुढारी मिस्टर बेकर म्हणून एक इंजिनियर, तरुण, पाईप ओढणारे, आणि त्यांची मॅडम त्यांच्याहून दोन पावलं पुढं.

एका रात्रीच्या जेवणात काहीतरी शब्दाला शब्द लागला आणि बेकरसाहेब आपली प्लेट घेऊन उठले. दुसऱ्या दिवशी मिसेस बेकर यूनुसभाईला म्हणाल्या, “जोना, उद्यापासून दोन टेबलं लाव.” त्यानं लांब टेबल मधोमध सुटं केलं. खरं तर ती दोन टेबलंच होती, चादरीखाली जोडलेली. त्या दिवशी तो एक डोळा मिटून रेषा बघायला उभा राहिला नाही.

गंमत ऐका. कॅम्पात काळा अमेरिकन एकही नव्हता. ज्यांच्यावरून भांडण, त्यांच्यातलं कोणी हजरच नाही. मग साक्षीला कोण? आमचा यूनुसभाई. रंगानं सावळा, हातात ट्रे, बोलावलं की हजर.

हॅडलींच्या टेबलावर बोलणं असं चाले: “माझ्या मनात कोणाबद्दल काही नाही. आमच्या घरी स्वयंपाकीण होती काळी, तिच्या मांडीवर मी वाढलो. प्रश्न फक्त राज्यांच्या अधिकाराचा आहे. ज्याचं त्याला आपल्या जागी बरं वाटतं. हा जोना बघा. जोना, तू आनंदात आहेस ना इथं?” यूनुसभाई म्हणायचा, “येस सर.” टेबल मान डोलवायचं.

मग तो ट्रे घेऊन बेकरांच्या टेबलाकडं. तिथं: “आमच्याकडं उत्तरेत असला भेदभाव नाहीच. आमच्या गल्लीत एकही काळं घर नाही, म्हणून कधी भांडण नाही.” हे बोलताना स्वतःच्या बोलण्याकडं कोणाचं लक्ष नसे. “जोना, आम्ही तुझ्यासारख्यांसाठीच लढतोय बरं. तू आमच्या बाजूनं आहेस ना?” यूनुसभाई म्हणायचा, “येस मॅडम.” तेही टेबल खूश. त्याचं ‘येस’ दोन्हीकडं जमा व्हायचं.

मी चिडायचो. “तुम्हाला कळतं का, हे तुम्हाला पुढं करून एकमेकांना मारतायत?” तो म्हणायचा, “कळतं रे. पण कमिटीत सहाजण, तीन इकडचे, तीन तिकडचे. मला दोन्ही टेबलं लागणार.” ते मात्र खरं होतं. आणि इथंच त्यानं ती चूक केली, जी आमच्या गावचा माणूसच करू जाणे.

आमच्या जमातीत दोन तडं, दोन गट म्हणा. ती का पडली ते सांगणारे केव्हाच कबरीत गेले. एका तडाचा माणूस दुसऱ्या तडाच्या दारावरून जाताना खोकतसुद्धा नाही. पण कोणाच्या घरी निकाह असला की घरधनी दोन्हीकडं स्वतः जातो आणि दोन्ही तडांतले वडीलधारे एका मोठ्या थाळ्याभोवती बसवतो. एका थाळ्यात सगळ्यांचे हात. बोलू नका, बघू नका, पण जेवा. एकदा तो घास पोटात गेला की त्या घराच्या कामात कोणी आडवं यायचं नाही. बाहेर डोकी फोडा, त्या घराचं काम अडवायचं नाही. अडवलंच कोणी, तर ‘खाल्ल्या मिठाला जागला नाही’ हे त्याच्या नातवंडांनासुद्धा ऐकावं लागतं. माझ्या डोळ्यांदेखत असं कोणी केलेलं नाही.

ऑक्टोबरात हवा जरा उतरली तसं यूनुसभाईनं हॅडलींना विचारलं, बेकरांना विचारलं: माझ्या गावचं जेवण तुम्हा सगळ्यांना घालायचं आहे, एकदा, माझ्याकडून. दोन्हीकडच्यांना कौतुक वाटलं. नाही म्हटलं तर आपण कोते ठरू, अशी दोघांनाही एकमेकांची धास्ती असावी.

त्यानं मुबारकियाच्या बाजारातून तांब्याचं एक भलंमोठं थाळं आणलं, ज्यात अरब लोक अख्खं बकरं वाढतात तसलं. नारळ मुंबईच्या बोटीवरून आले. आम्ही लाईनीतले तिघंचौघं भाकऱ्या थापायला बसलो. तांदळाच्या भाकऱ्या, मटण, नारळाच्या रसातली पापलेटं, आणि शेवटी सांदणं. मी म्हटलं, “यूनुसभाई, हे लोक आपल्या जमातीतले नाहीत. त्यांना काय ठाऊक तुमचं थाळं?” तो पीठ मळता मळता म्हणाला, “माणूस आहे ना? जेवला म्हणजे जेवला.”

दोन्ही टेबलं त्या रात्रीपुरती जोडली. मधोमध थाळं. एका बाजूला हॅडली, समोर बेकर. यूनुसभाईनं हात जोडून सांगितलं की आमच्यात असं एकातूनच खातात. साहेबांना मजा आली. हातानं भाकरी मोडायची गंमत, बोटं पोळायची गंमत. मॅडमांनी फोटो काढले. हॅडली आणि बेकर यांचे हात एकदा थाळ्यात एकमेकांना लागले तेव्हा सगळे हसले. यूनुसभाई हसला नाही. तो भिंतीशी उभा राहून एकेकाचा घास बघत होता. सहाही कमिटीवाले जेवले तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं. इतका मोकळा चेहरा मी त्याचा आधी पाहिला नव्हता.

दुसऱ्याच शुक्रवारी आम्ही कंपनीच्या बसनं शहरात गेलो. तिथं मुंबईच्या बोटीवरचा खलाशी अकबर भेटला, तोही खाडीकाठचाच. यूनुसभाईनं त्याच्याकडं तोंडी निरोप दिला: शहरबानूला म्हणावं, काम झालं. मुंबईला येऊन राहा, कागद हातात आला की बोटीवर बसवतो.

मी म्हटलं, “अहो, कमिटी अजून बसायची आहे.”

“बसेल की. बसून काय नाही म्हणतील? जेवलेत.”

बुबूनं बकऱ्या जावेला देऊन टाकल्या, घराला कुलूप लावलं, किल्ली मशिदीच्या मुल्लाजींकडं दिली आणि मुंबईला डोंगरीत आमच्या गावच्या जमातीच्या खोलीवर येऊन राहिली. जाताना जावेला म्हणाली म्हणे, “आता येईन ती कडेवर पोर घेऊनच.” अकबर पुढच्या फेरीला हे सगळं सांगून गेला. यूनुसभाईनं दोन उशा विकत आणल्या आणि माझ्या खाटेखाली ठेवल्या. त्याच्या खाटेखाली जागा नव्हती.

नोव्हेंबरात त्यांची निवडणूक झाली. सकाळी क्लबात रेडिओभोवती सगळे. हत्तीवाले सपाटून हरले. त्यांच्यात अशी एक रीत आहे म्हणे, की हरलेल्यानं कावळा खाल्ला असं म्हणतात. नुसतं म्हणायचं असतं. पण बेकरांच्या टेबलाला तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघरात पारवा भाजायला लावला, त्याला काजळी फासली, चांदीच्या झाकणाखाली ठेवला आणि यूनुसभाईला म्हणाले, “हे दुपारी मिस्टर हॅडलींच्या पुढं ठेव, आणि झाकण उघड.”

हॅडलींची बायको त्याच वसंतात अमेरिकेला दवाखान्यात वारली होती. तेव्हापासून ते जेवायला बसायचे ते शेजारची खुर्ची रिकामी ठेवून. यूनुसभाई मिसेस बेकरना म्हणाला, “मॅडम, दुसऱ्या कोणाला पाठवा.” त्या हसून म्हणाल्या, “छे, तूच. त्यात तर सगळी मजा आहे. तुझ्या हातून.” आता मला सांगा, हुकूम म्हणजे हुकूम. त्यानं प्लेट नेली. झाकण उघडलं. पलीकडच्या टेबलावर टाळ्या पडल्या. हॅडलींनी त्या काळ्या पाखराकडं बघितलं, मग वर. बेकरांकडं नाही बघितलं. यूनुसभाईकडं बघितलं. रुमाल घडी करून ठेवला आणि उठून गेले.

“ते माझ्यावर रागावले असतील का?” यूनुसभाईनं मला विचारलं.

“तुम्ही काय केलंत? ट्रे उचललात.”

“तेच तर,” तो म्हणाला.

त्यानंतर दोनच दिवसांनी कमिटी बसली. दुपारची वेळ. मी कोपऱ्यात टाइपरायटर घेऊन, कोण काय बोललं ते उतरवायला. यूनुसभाई कॉफी घेऊन आत-बाहेर. आम्ही दोघं खोलीत आहोत हे कोणाच्या लक्षात असेल असं वाटत नव्हतं, किंवा असून फरक पडत नसेल.

विषय बेकरसाहेबांनीच काढला. पाईप हातात घेऊन म्हणाले, “आमची बाजू बोलते तसं करून दाखवते. मी सुचवतो की तो रिकामा बंगला जोनाला द्यावा. आम्हाला बरोबरीची भीती नाही.”

हॅडली गोड हसले. “छान. मी तर वर्षाच्या सुरुवातीलाच तसं म्हटलं होतं. जोना माझ्या घरचाच. एवढंच, की तो बंगला तुमच्या कुंपणाला लागून आहे, मिस्टर बेकर. त्याची बायको येईल. देवाच्या कृपेनं मुलं होतील. ती पोहायला कुठं जातील? तुमच्या मुली पोहतात त्याच तलावात ना? मला काहीच हरकत नाही. मी तर म्हातारा, मला पोहता येत नाही.”

यूनुसभाई दुधाचं भांडं फिरवत होता.

मग मिसेस बेकर बोलल्या, त्याही कमिटीवर होत्या. “प्रश्न रंगाचा मुळीच नाही. असता तर मीच पहिली भांडले असते. मला त्या बाईची काळजी वाटते. पडद्यात वाढलेली, भाषा येत नाही. आपल्यात एकटी पडेल बिचारी. तिला इथं आणणं म्हणजे क्रूरपणा होईल.”

“हे खरंय,” बेकरसाहेब हळूच म्हणाले. “आपण नेहमी आपल्याच बाजूनं विचार करतो. त्यांच्या बाजूनंही करायला हवा.”

“आणि एकाला दिलं की उद्या दहाजण मागतील,” तिसरं कोणीतरी म्हणालं. कुठल्या टेबलाचं ते मी बघितलं नाही.

मला वाटलं, आता यूनुसभाई ट्रे खाली ठेवेल. मला वाटलं, निदान थाळ्याचं नाव काढेल. तुम्ही जेवलात, एवढं तरी म्हणेल.

हॅडली खुर्चीत वळले. “पण त्यालाच का विचारू नये? जोना. तू आनंदात आहेस ना इथं, आहेस तसा?”

उन्हाळाभर हा प्रश्न त्याला दोन्ही टेबलांनी विचारला होता. तो कपात कॉफी ओतत होता. कॉफी कपाच्या काठाशी येऊन थांबली, एक थेंब बाहेर नाही.

“येस सर,” तो म्हणाला.

बंगला द्यायचा नाही, म्हणून सहा हात वर झाले. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा त्या सहा जणांचं एकमत झालं होतं. ते त्यांनाही जाणवलं असावं, कारण हॅडलींनी बेकरांच्या पाईपला काडी पेटवून दिली. मी ठराव टाइप केला. मला राग यायला हवा होता. आला असेल, पण तो कुठं गेला मला सापडला नाही, आजही सापडत नाही.

संध्याकाळी लाईनीत मी त्याला बोल बोल बोललो. “येस सर कशाला म्हणालात? तोंडाला काय झालं होतं? एकदा नाही म्हणायचं होतं, एकदा.” तो खाटेवर बसून बुटांना पॉलिश करत होता.

“मला ऐकूच आलं नाही रे, मी काय म्हणालो ते,” तो म्हणाला. “तू सांगितलंस तेव्हा कळलं.”

निरोप अकबरकडंच द्यावा लागला. बंदरावर यूनुसभाईनं त्याला सांगितलं, “म्हणावं, घर मिळालं नाही. गावी परत जा.” अकबर म्हणाला, “आणखी काही?” यूनुसभाईनं मान हलवली. मी त्या दोन उशा अकबरला देऊ केल्या, बुबूसाठी. यूनुसभाई म्हणाला, “राहू दे. उशी बघून आणखी रडेल.” मला ते खरं वाटलं, म्हणून मी परत घेऊन आलो.

नोव्हेंबरच्या शेवटी अमेरिकनांचा एक सण असतो, देवाचे आभार मानायचा. त्या दिवशी सगळे एकत्र जेवतात. मिसेस बेकर यूनुसभाईला म्हणाल्या, “जोना, आमची भांडणं मिटली. सणाला एकच लांब टेबल लाव. आणि तुझं ते गावचं जेवण कर, थाळ्यातलं. त्या रात्रीपासूनच सगळं नीट व्हायला लागलं होतं.” तो म्हणाला, “येस मॅडम.”

सणाच्या सकाळी अकबर आला. बुबू गावी पोचली होती. जावेनं बकऱ्या परत दिल्या नाहीत, ती म्हणाली, दिलेली वस्तू कोणी मागतं का? मुल्लाजींकडून किल्ली घेताना गल्लीतल्या बाया दारात उभ्या होत्या. आणि बुबूनं यूनुसभाईला एवढंच सांगितलं होतं, “आता बोलावू नका, येऊही नका. माझं वय झालं.” अकबर हे सांगून चहा न पिता निघून गेला. यूनुसभाई आत गेला आणि नारळ फोडायला बसला.

मी त्या दिवशी मुद्दाम पॅन्ट्रीत गेलो. मला त्याची भीती वाटत होती. तो नेहमीसारखाच होता, भाकऱ्या मोजून रचत होता. टेबल तर असं मांडलं होतं की मधला सांधा दिसू नये. मी मटणाचा रस्सा बोटानं चाटून बघितला. अळणी. पापलेटांचा बघितला, तोही अळणी. भाकरीतसुद्धा मिठाचा कण नाही.

“यूनुसभाई, मीठ विसरलात.”

“नाही.”

मी रस्सा पुन्हा बोटानं चाटून बघितला.

“टेबलावर मिठाच्या बाटल्या ठेवल्यात,” तो म्हणाला. “ज्याला पाहिजे त्यानं आपल्या हातानं घ्यावं. माझं नको.”

साहेब जेवायला बसले. थाळं मधोमध, हॅडली इकडं, बेकर तिकडं. पहिला घास घेतला, बाटल्या इकडून तिकडं फिरल्या, आणि जेवण सुरू झालं. एकानंही काही विचारलं नाही. हॅडली म्हणाले, “अगदी मागच्यासारखं झालंय, जोना. तसूभर फरक नाही.”

“थँक यू सर.”

मिसेस बेकर बोटं पुसत मागं वळल्या. चेहऱ्यावर खरोखरची माया होती, ते खोटं नाही सांगत.

“जोना, तुझी बायको येणार होती ना रे इकडं? कधी येतेय?”

“ती घरी गेली, मॅडम.”

“हो का? बरं झालं,” त्या म्हणाल्या. “आपल्या घरासारखं सुख कुठं नाही.”

यूनुसभाईनं त्यांच्या ग्लासात पाणी ओतलं आणि पुढच्या खुर्चीकडं गेला.